गाऱ्हाण्याचं उत्तर

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष नारळ हातात धरून मालवणीत देवाकडे मागणं मागतो आणि दर वाक्यामागे जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा जिना हलतो, असं मला लहानपणी वाटायचं.

बाबा गेल्यावर त्या उत्तर देणाऱ्यांनी माझ्या डोक्यात बिऱ्हाड केलं. मी मनात म्हणायचो, चहा घेऊ. आतलं टोळकं म्हणायचं, व्हय म्हाराजा. जिना उतरू. व्हय म्हाराजा. कठड्यावर चढू. व्हय म्हाराजा. माझ्या कुठल्याच विचाराला नाही म्हणणारा मेला एकही त्यांच्यात नव्हता.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. एका गोळीने टोळकं दमलं, पण गेलं नाही. मग बऱ्याच विचाराने त्यांनी दुसरी जोडली. म्हणाल्या, “दोन एकत्र मी सगळ्यांना देत नाही. तुमचं एकीने भागत नाहीये. रक्त तपासत राहू, आणि मला विचारल्याशिवाय कुठलीच बंद करायची नाही.”

“एका रोगाक दोन गोळये?” आई दवाखान्याबाहेर येऊन पुटपुटली.

दोन गोळ्यांचे दिवस गोधडीतून बघितल्यासारखे जातात. मी गॅलरीत बसतो. खालून मिरची कांडल्याचा वास वर येतो, ऊन वाळत घातलेल्या साडीवरून सरकत जातं, मधेच डोळा लागतो आणि उठलो तरी साडी तिथेच असते. कुणी हाक मारली तर मी ओ देईपर्यंत तो नाक्यावर पोचलेला असतो. हात थरथरतात, उशी लाळेने भिजते, जीभ उचलत नाही. पण टोळकं भिंतीपलीकडे गेल्यासारखं वाटतं, आणि कधीकधी तर तेही झोपतं.

यंदा आई म्हणाली, “आता घरात तूच मोठो. गाऱ्हाणा तूच घालूचा.” मला ते हवंच होतं. बाबांच्या जागी उभं राहायची हौस मला कितीतरी वर्षं होती.

चतुर्थीच्या सकाळी तिने वाटीत एकच गोळी ठेवली. “दुसरी आज रवांदे. जीभ जड होता तुझी. बापाशीसारखा खणखणीत येवक होया.”

मला हसू आलं आणि रागही आला. खणखणीत आलं असतं गं, पण उत्तर कोण देतंय ते मला कसं कळणार? एका दिवसाने काय होतंय, असं तिला वाटत होतं. मला त्या एका दिवसाचीच भीती होती.

“आये, दुसरी दे,” मी म्हटलं. तिने डबा काढून दुसरी वाटीत ठेवली.

आरती झाली. मी नारळ दोन्ही हातांनी धरला. “बारा गावच्या म्हाराजा,” मी सुरुवात केली. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. “घरादाराक सुखी ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मी दचकलो. हे आतून आलं की बाहेरून? मग मी मान वर केली आणि बाबांनी कधी घातलं नव्हतं ते गाऱ्हाणं घातलं.

“माझ्या डोक्यात जे बोलतत, त्येंका गप कर रे म्हाराजा.”

शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की मला बरं नसतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तिच्यामागून माझा धाकटा भाऊ म्हणाला, मग दारातले शेजारी. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. सगळ्यांचे ओठ हलत होते. आत कुणीच बोललं नाही.