साळिंदर नावाचं जनावर असतं

"अंकल, ऐसा कोई जानवर नहीं होता."

डॉक्टर हसत म्हणाला. माझ्या पोराहून लहान डॉक्टर. फरीदाबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या डोक्याची तपासणी चाललेली. एका मिनिटात आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगायची. गाय, कुत्ता, शेर, हाथी म्हणालो. मग हिंदी संपली. डोकं नाही संपलं. गावचा डोंगर समोर उभा राहिला आणि एकेक जनावर बाहेर यायला लागलं. साळिंदर. घोरपड. तरस. मुंगूस. भेकर. खार.

डॉक्टरनं एकही लिहिलं नाही. पोराकडं बघितलं. पोरगा इथंच जन्मला, आता नोएडाला मोठ्या कंपनीत आहे. खाली मान घालून म्हणाला, "पता नहीं सर. मम्मी के जाने के बाद ऐसे ही कुछ भी बोलते हैं."

खोटं. मी बोलतच नव्हतो. बायको जाऊन चार महिने झाले. आमच्या गावची बोली बोलणारं घरात दुसरं कोण? गप्प बसायचो. पोराला वाटलं, बाबांचं डोकं गेलं. त्यानं वृद्धाश्रम बघून ठेवलेला. डॉक्टरचा कागद मिळाला की माझ्या घराला कुलूप.

चूक माझीही आहे. पोरगा पहिलीत असताना त्याच्या मॅडमनं मला वर्गाबाहेर उभं करून सांगितलं, "घर में हिंदी बोलिए, बच्चा पिछड़ जाएगा." मी चौथी शिकलेला फिटर. घाबरलो. घरी येऊन बायकोला बजावलं, पोराशी मराठी बंद. ती म्हणाली, "अहो, हिंदीत मला धड रागावतासुद्धा येत नाही. मग मी आई कसली?" मी ओरडलो तिच्यावर.

ती पोराशी कमी बोलायला लागली. हुशार बाई. पण हिंदीत चार वाक्यांची. पोराला आई तेवढीच कळली.

डॉक्टरनं तपासणीचा कागद पुढं सरकवला. "चार ही सही हैं अंकल. बहुत कम है. यहाँ साइन कर दीजिए."

मी पेन बाजूला सारलं. माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "जिसके पीठ पे काँटा रहता है, कुत्ता पकड़ने गया तो उसके मुँह में घुस जाता है, उसको तुम क्या बोलता?"

डॉक्टर म्हणाला, "साही."

"वही मैं बोला. लिखो."

"टाइम तो खत्म हो गया, अंकल."

"तो ये लिखो, डॉक्टर को मराठी नहीं आता."

पोरगा कानाशी आला. "बाबा, प्लीज यार, तमाशा मत करो."

सही केली नाही. उठलो. पार्किंगमध्ये त्याला मराठीतच, सावकाश सांगितलं, "आश्रमवाल्यांना फोन लाव. म्हातारा येत नाही म्हण. परत तपासायचं तर मराठी कळणारा डॉक्टर शोध, मी आपल्या पायानं येतो. तोवर माझ्या डोक्यावर कुणी शिक्का मारायचा नाही."

"और आपकी बात मुझे समझ नहीं आई तो?"

"तर विचारायचं. वेडा ठरवायचं नाही."

फोन त्यानं माझ्यासमोर लावला. मी माझ्या घरी आलो. आता तो रविवारी येतो, मी मराठीतच बोलतो. तो अडला तर थांबतो, समजावतो, हिंदीकडं वळत नाही. त्याला राग येतो. येऊ दे. भीतीपोटी एका बाईला मी तिच्याच घरात मुकं केलं. ते पाप माझं. पण मला मुकं करायला आता कुणी आलं, तर त्याला माझ्याशी भांडावं लागेल.