अक्कांबरोबरची फुगडी

डावा स्तन काढला तेव्हा डॉक्टरांनी जखमेचं, औषधांचं, केस गळण्याचं सगळं सांगितलं. तोल जाईल, हे मात्र कुणी बोललं नाही. एवढ्याशा मांसानं माणूस वाकडं होतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? डावा खांदा आपोआप वर चढून पुढं यायचा. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. राजारामपुरीत व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला आरशासमोर उभं करून म्हणायच्या, सरळ राहा. अहो, मला तर मी सरळच वाटत होते! आरशाचंच काहीतरी चुकतंय म्हणून मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा. डावीकडं वजन यावं म्हणून त्यांनी ब्लाउजात घालायला सिलिकॉनचा कप दिला. त्यानं घामोळं उठायचं, मग घरी आले की आधी तो काढून फेकायची.

तरी व्यायाम सोडला नाही. स्वयंपाकघरात ओट्याला हात टेकवून रोज एका पायावर उभी राहायची. कारण मला गौरीला फुगडी घालायची होती, थोरल्या जाऊबाईंबरोबर. त्यांना मी अक्का म्हणते. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासूनची आमची जोडी. अक्का माझ्या भरवशावर डोळे मिटून मागं झुकायच्या. बाकी काय जायचं ते जाऊ दे, एवढं राहू दे, असं मला वाटायचं.

गौरी जेवल्या त्या दुपारी गल्लीतल्या बाया आमच्या दारात जमल्या. मी कप घातला होता. अक्कांनी माझे हात धरले, पायाला पाय लावले आणि आम्ही फिरायला लागलो. पण कसलं काय! त्या मागं झुकेचनात. जात्यासारखं आपलं संथ गोल गोल. माझं डोकंच फिरलं.

"अक्का, ओढा की. मी काय काचेची हाय?"

त्यांनी ओढलं. काखेत कळ आली, खांदा पुढं गेला आणि मी त्यांच्या अंगावर भेलकांडले. त्यांनी मिठीत धरलं म्हणून पडले नाही.

"तुझ्या ह्या हाताचं वजनच लागंना गं," अक्का हळूच म्हणाल्या. "मागं कुणाच्या जिवावर झुकू?"

मला राग आला. त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला. फुगडीत दोघी एकमेकींच्या वजनावर तर उभ्या असतात.

मी बाजूला जाऊन बसले, तशा त्याही माझ्याजवळ बसायला निघाल्या. मीच त्यांना परत ढकललं आणि शेजारच्या सुनेचे हात त्यांच्या हातात दिले. नको नको करत गेल्या. आधी जरा बिचकल्या, मग वेग धरला. अंबाडा सुटला, बायांनी कल्ला केला, आणि अक्का मागं झुकल्या, पार झुकल्या, डोळे मिटून.

मी भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होते आणि रडत होते. डोळे तरी उघडे ठेवायचे होते त्यांनी.