धूर लपवणारं गाव

साताऱ्याहून निघालो तेव्हा फाल्गुनातली सकाळ अजून अर्धवट झोपेत होती. पठारावर नव्याने उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांचे खांब धुक्यात बुडाले होते. नुसती पांढरी पाती आभाळात फिरत होती. जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या इंग्रिडबाई मान वळवून बघतच राहिल्या. त्या उत्तरेकडच्या एका थंड देशातून आल्या होत्या. हवा तापते आहे म्हणून धूर कमी करणाऱ्या गावांना त्यांची संस्था मदत देते. मी त्यांचा दुभाषा. एरवी इंग्रजी शिकवतो आणि हौशी नाटकांत राजाच्या भूमिका करतो, त्यामुळे भाषांतरात थोडा अभिनय येतोच.

कऱ्हाडला संगमावर चहा घेतला. यातली कृष्णा कोणती, बाईंनी विचारलं. मी राजाच्या थाटात हात केला. चहावाल्याने शांतपणे माझा हात धरून दुसरीकडे वळवला.

पुढे ऊस मागे पडला आणि माळ सुरू झाले. कवठे महांकाळच्या अलीकडे जाळीच्या शेडमध्ये द्राक्षं वाऱ्यावर वाळत होती. बेदाण्याचा गोडसर वास इतका दाट होता की आपण त्यातून पोहतो आहोत असं वाटत होतं.

आम्हाला जायचं होतं ते गाव तिथेच होतं. त्यांचा पाझर तलाव फुटला होता. पावसाआधी बांध घातला नाही तर यंदाही पाणी वाहून जाणार आणि द्राक्षबागा वाळणार. ‘धूर कमी करणाऱ्या बाई येताहेत’ असा निरोप मी आधीच पाठवला होता.

गावात शिरलो तर चमत्कार. एकही चूल पेटलेली नाही. जेवायला पहाटेच थापलेल्या गार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि मूठमूठ बेदाणे. कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) म्हणाल तर तेही गारढोण. सरपंच तात्या छाती काढून म्हणाले, “आमच्या गावात धूर न्हाईच.”

मी ते झोकात सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. जिथे धूरच नाही तिथे त्यांची संस्था काय कमी करणार? त्यांच्या कचेरीत बांधाचं काम पाण्याच्या टेबलावरचं, त्या धुराच्या टेबलावरच्या, मध्ये भिंत. मी हे मराठीत सांगितलं, तेव्हा आवाजातला राजा कुठे गेला कळलं नाही.

तेवढ्यात वाढणाऱ्या हिराअक्का, तात्यांच्या थोरल्या बहीण, पदर खोचून विहिरीकडे निघाल्या. तिथे कडब्याची एक मोठी गंजी होती.

“तात्या, किती येळ झाकून ठिवणार देवाला? दर्शन दे की पावण्यास्नी.”

“अक्का, गप बस.”

अक्कांनी कडबा ओढला. आत डिझेलचं इंजिन. तात्यांना मुकाट्याने हँडल मारावं लागलं. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि एक काळा ढग थेट बाईंच्या पांढऱ्या बाहीवर आणि माझ्या सदऱ्यावर उतरला.

“तळं भरल्यालं असायचं तवा हिरीचं पाणी हाताला लागायचं,” अक्का म्हणाल्या. “आता पाणी गेलं तळाला, आन् ह्ये दिसभर वकतंय. बांध घाला बाई, धूर आपसूक कमी हुतोय.”

बाईंनी मला ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग त्या हसू लागल्या. त्यांनी पुन्हा त्या भिंतीचं सांगितलं, तर अक्का म्हणाल्या, “भित्तीला दार न्हाई व्हय?”

निघण्याआधी बाईंनी तात्यांकडून फुटक्या बांधावर फक्की (चुन्याची भुकटी) टाकून घेतली. काम इथूनच सुरू होईल, म्हणाल्या. दोन्ही टेबलांशी त्या बोलतील. उन्हात ती पांढरी रेघ माळावर तरंगत असल्यासारखी दिसत होती.

परतीला संध्याकाळ झाली. पवनचक्क्या आता गुलाबी झाल्या होत्या. मी रुमाल पुढे केला तर बाईंनी नको म्हटलं आणि काजळी पुसली जाऊ नये म्हणून बाही अलगद आत दुमडली. पुरावा म्हणून टेबलावर ठेवायला त्यांना ती हवी होती.

माझ्या सदऱ्याला मात्र कुणी इतकं जपलं नाही. बायकोने दारातच विचारलं, “कुठं लोळून आलात?”

म्हटलं, “जिथं धूर न्हाईच, त्या गावात.”