शेऱ्याचा कागद
आखातातल्या शुवैख भागात, शिकारीच्या बंदुकांच्या दुकानात मी खरेदी पाहत असे. एकदा स्वस्त बोल्ट-रायफलीचा नमुना आला. प्लास्टिकचा दस्ता पाहूनच मी ‘परत पाठवावी’ असा शेरा लिहिला.

तपासायला रत्नागिरीकडचे एक वृद्ध कारागीर आले होते. त्यांनी डोळे मिटून गोळी आत सरकवणारा बोल्ट तीनदा मागेपुढे सरकवला. मग नळी आणि दस्ता यांच्या फटीतून माझ्याच शेऱ्याचा कागद अलगद ओढत नेला. तो कुठेही अडला नाही; नळी दस्त्याला कुठेच टेकत नव्हती, म्हणजे नेम ढळणार नव्हता.

“काटकसर दस्त्यात केलीय साहेब, नळीत नाय,” ते मायेने हसले. “तुम्ही हातात तरी घेतलीत काय?”

मी घेतली नव्हती.

तो शेरा मी तिथेच खोडला. जवळ न जाताच माणसांवर मारलेले माझे शेरे मात्र अजून तसेच आहेत.