छत्तीस दातांचा माणूस

माझ्या दवाखान्यात दात निघायचे आणि मास्तरांच्या खोलीत ते नव्याने तयार व्हायचे. बावीस वर्षं आमचं असं चाललं. मी पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायची, आणि आठवड्याभरात मास्तर कागदात गुंडाळलेली कवळी घेऊन यायचे. पुडी टेबलावर ठेवायचे आणि पेशंटने ती घालून चार वाक्यं बोलेपर्यंत दाराशी उभे राहायचे. बाजारात सगळे त्यांना कवळीमास्तर म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं.

त्यांची खोली तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली होती. दोन खिडक्या, त्यातली एक उघडायची नाही. प्लॅस्टरची भुकटी सगळीकडे, मास्तरांच्या भुवयांवरसुद्धा. फळीवर ओळीने पांढरे जबडे मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने पेशंटचं आडनाव. आणि त्यांच्या वर, भिंतभर, भुताखेतांच्या सिनेमांची पोस्टरं. आरशातून बाहेर येणारी हिरव्या तोंडाची बाई, पायऱ्या उतरणारा एक तुटका हात, विहिरीवर बसलेलं काहीतरी. यातल्या एकाही सिनेमाचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, बरं आहे पेशंट इथे येत नाहीत, नाहीतर जबडा इथेच सोडून पळतील. मास्तर हसले नाहीत.

दर मंगळवारी दुपारी ते खोलीला कुलूप लावून सिनेमाला जात. चार दिवसांत उतरणारे, कोणाच्या तोंडी नाव नसलेले सिनेमे. पुढे थिएटरं बंद पडली तेव्हा जुन्या कॅसेटी जमवून घरी पाहू लागले. बायकोला याची लाज वाटायची. जावयाला तिने सांगून ठेवलं होतं की सासरे मंगळवारी वाचनालयात असतात. जावई बिचारा कधीमधी विचारायचा, सध्या काय वाचताय, आणि मास्तर काहीतरी ठोकून द्यायचे.

मी एकदा सरळ विचारलं, एवढी भीती वाटून घ्यायची हौस कशाला?

"भीती वाटायला नाही जात, बाई," ते म्हणाले. "कुणीतरी महिनाभर खपून ते भूत बनवलेलं असतं. खिशात दमडी नसताना. आणि लोक हसतात. एक तरी माणूस न हसता बघणारा नको का?"

मला ते तेव्हा विचित्र वाटलं. खरं कारण कळायला आणखी काही वर्षं गेली, आणि तेही एका शाळामास्तरीण पेशंटमुळे. नवी कवळी घालून ती पहिलंच वाक्य बोलली आणि तिच्या तोंडून 'पुस्तक'ऐवजी 'फुस्तक' आलं. असं होतं, दात जरा पुढे बसले की ओठ मिटत नाहीत. तासभर घासलं की ठीक होतं. पण दाराशी उभ्या मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. कवळी घेऊन गेले ते तीन दिवस फिरकले नाहीत. आले ते अख्खी कवळी नव्याने करून. शाळामास्तरीण गेल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि काय झालं ते विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं.

सत्तावीस वर्षांचे असताना एक रंगाचा व्यापारी त्यांच्याकडे आला होता. त्याला सिनेमा काढायची हुक्की आली होती. नाव ठेवलं होतं 'भट्टीतला पाहुणा'. चुन्याच्या भट्टीत पडून मेलेला एक मजूर अंगभर चुना घेऊन परत येतो आणि दारोदार पाणी मागतो, एवढीच गोष्ट. व्यापाऱ्याला भुतासाठी सुळे हवे होते. मास्तरांनी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, हा माणूस कुणाचं रक्त प्यायला आलेला नाही, याला सुळे कशाला? त्याऐवजी त्यांनी पुढच्या बाजूला, हसताना दिसतात तिथे, वर दोन आणि खाली दोन दात जास्त बसवले. बत्तीसच्या जागी छत्तीस. कुणी मोजायला जात नाही, पण बघणाऱ्याला आतून वाटत राहतं की या तोंडात काहीतरी चुकलंय.

भुताचं काम करणारा माणूस नाटकातला होता. साडेसहा फूट उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. शिडी आणि मास्तर यांची चांगलीच गट्टी जमली. दात बसवायला पंधरा दिवस शिडी या खोलीत येत होता. दोघं तासन् तास बोलत: भूत कसं चालेल, हात कुठे ठेवेल, स्वतःच्या घराच्या दारात उभं राहिल्यावर काय करेल. मास्तर म्हणाले, तसं बोलणं त्यांच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला भूत आपल्या आईच्या दारात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "फाणी दे, आई."

थिएटर हसून लोळलं. मग कुणी काही ऐकेना. भूत पडद्यावर आलं की मागून 'फाणी, फाणी' सुरू. चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. मास्तर बाराही खेळांना बसले होते. शेवटच्या खेळाला पाच माणसं होती, तीही हसत होती.

शिडीला पुन्हा काम मिळालं नाही. रंगमंचावर पाऊल टाकलं की प्रेक्षकांतून तोच शब्द यायचा. शेवटी तो ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून लागला आणि तिथेही त्याचं नाव फाणीच पडलं. वजनकाटा मास्तरांच्या खोलीपासून जेमतेम दीड मैलावर. पण मास्तर त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. त्या भागातला सामानवाला स्वस्त होता, तरी लांबच्याकडून प्लॅस्टर आणत राहिले. एका माणसाच्या तोंडात दात घालून आपण त्याच्या आयुष्यात माती कालवली, असं ते म्हणाले, आणि उठून गेले.

यानंतर पाच-सहा वर्षांनी एक तरुण मुलगी मास्तरांना शोधत माझ्या दवाखान्यात आली. ती लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करायची. कुणाच्या तरी माळ्यावर तिला 'भट्टीतला पाहुणा'ची कॅसेट सापडली होती. तिने ती साफसूफ करून मित्रांना दाखवली, त्यांनी आणखी लोकांना. आता विसरलेल्या सिनेमांचं वेड असलेली तीसेक मंडळी जमली होती. भुताचं चित्र छापलेले शर्ट निघाले होते. येत्या रविवारी सभागृह घेऊन खेळ ठेवला होता आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत अगदी शेवटी 'दात' या शब्दापुढे मास्तरांचं नाव होतं.

मास्तर मला म्हणाले, तुम्ही बरोबर चला. मी गेले.

दोनशे लोक होते. बहुतेक पंचविशीतले. सिनेमा तोंडपाठ असल्यासारखे भुताबरोबर बोलत होते, आणि तो प्रसंग आला तेव्हा सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, "फाणी दे, आई." मग टाळ्या, शिट्ट्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, हे मला दिसत होतं. पोरांना तो सिनेमा मनापासून आवडत होता. पण माझ्या शेजारी मास्तर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, दाढ काढायच्या आधी पेशंट बसतो तसे.

मी मात्र पहिल्यांदाच बघत होते. आई दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तांब्या देते, पण बाहेर कोण आहे ते मान वर करून बघत नाही. भूत पाणी पीत नाही. तांब्या उंबऱ्याशी ठेवतं आणि त्या हाताकडे बघत उभं राहतं. बराच वेळ. हसू हळूहळू ओसरलं. कुणीतरी खोकलं. मला त्या मिटत नसलेल्या तोंडाकडे बघवेना आणि नजरही काढवेना. मग दृश्य बदललं आणि लोक पुन्हा हसायला लागले.

खेळ संपल्यावर त्या मुलीने मास्तरांना विचारलं, भुताचं काम करणारे कुठे असतात?  मास्तर म्हणाले, मी विचारून बघतो.

वजनकाट्यावर कळलं की शिडी आठ वर्षांपूर्वीच निवृत्त झाला. पत्ता मिळाला. बुधवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा आम्ही दोघं गेलो. दार सुनेने उघडलं. मास्तर नाव सांगताना अडखळले, तेव्हा मीच सांगितलं. ती म्हणाली, बसा, पण त्यांना दिसत नाही. साखरेने डोळे गेलेत.

खोलीत पलंग होता आणि पलंगाला पुरून उरलेला माणूस. पाय पुढच्या स्टुलावर ठेवले होते. तोंडात एक दात नव्हता. मास्तर बोलले तसा त्याने आवाजाकडे चेहरा वळवला आणि म्हणाला, "दातवाला?"

मास्तरांनी त्याचा हात धरला आणि जे पस्तीस वर्षं साठवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. दात मोठे झाले, मी आधी बोलायला लावून बघायला हवं होतं, चूक माझी, माफ करा. शिडी शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला,

"आवाज तर नंतर भरला होता. डबिंगला सगळे म्हणाले, दात काढून बोल. मीच ऐकलं नाही."

मास्तरांनी त्याचा हात सोडला.

"चुन्याने तोंड भाजून मेलेला माणूस स्वच्छ कसा बोलेल?" शिडी म्हणाला. "आपलं बोलणं झालं होतं की. तुमच्याच खोलीत. मी मुद्दाम दात घालून बोललो. लोक हसले, ते हसले. पण मी बरोबर बोललो होतो."

"मला कुणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले.

"सांगायला तुम्ही भेटलात कुठे? मला वाटलं, मी सिनेमा बुडवला म्हणून तुम्ही तोंड चुकवताय." मग म्हणाला, "सिनेमाचं वाईट नाही वाटलं कधी. याचं वाटलं."

सून चहा घेऊन आली ती दारातच थबकली. मी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, कारण दोघांपैकी कुणीच हलत नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, एक छानशी कवळी करून देऊ का? शिडी म्हणाला, नको, तोंडाला आता रिकामं राहायची सवय झाली. सभागृहातल्या खेळाबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाला, मला दिसणार नाही आणि ऐकू येणार फक्त हसणं, त्यापेक्षा तुम्हीच सांगा मला सिनेमा.

त्यानंतर मास्तर रोज दुपारी जाऊ लागले. पलंगाशेजारी बसून पहिल्या दृश्यापासून सिनेमा सांगायचे. भट्टीचा धूर कुठल्या बाजूने येतो, दिवा कुठे आहे, शिडीची सावली कुणाच्या अंगावर पडते. शिडी मध्येच दुरुस्त करायचा: तिथे मी डावा पाय पुढे टाकला होता. एकेका दृश्याला दुपार जायची. माझी कामं रखडायला लागली, पण मी बोलले नाही. दोन बुधवार मीही जाऊन बसले. दोघं म्हातारे कुजबुजत्या आवाजात भांडत होते, भुताने तांब्या आधी ठेवला की आधी हाताकडे बघितलं यावर. पस्तीस वर्षं दीड मैलावर राहून ज्यांनी हे भांडण केलं नाही, त्यांचं ते भांडण ऐकत मी दिवे लागेपर्यंत बसून राहिले.

निम्मा सिनेमा सांगून झाला होता. एका सोमवारी मास्तर तिथे पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

शिडी गेल्याच्या आठव्या-दहाव्या दिवशी मी त्याच्या घरी भेटायला गेले. सून खोली आवरत होती. ती म्हणाली, आम्ही घरात तो सिनेमा कधी लावलाच नाही. मुलांना शाळेत चिडवतील म्हणून त्यांच्यापुढे विषयसुद्धा काढत नव्हतो, आणि सासऱ्यांनीही कधी काढला नाही. मग पलंगावरची चादर घडी करत तिने विचारलं,

"तुम्ही बघितलाय ना? चांगलं करायचे का हो ते काम?"

मी म्हटलं, फार चांगलं करायचे. तिने मान हलवली. त्या तीन शब्दांचं आता ती काय करणार होती, मला माहीत नाही.

त्या मुलीने मास्तरांना पुष्कळदा बोलावलं. तुमच्या आठवणी रेकॉर्ड करू, म्हणाली. मास्तरांनी नम्रपणे नाही म्हटलं. वर्षभरात त्यांचा हात कापायला लागला आणि त्यांनी खोली सोडली. जबडे फोडून पोत्यात भरले. पोस्टरं त्या मुलीला देऊन टाकली. ती घ्यायला आली तेव्हा मास्तर भिंतीकडे पाठ करून बसले होते.

आता मंगळवारी ते घरीच असतात. परवा भेटले तेव्हा मी सांगितलं की मी त्यातले दोन-चार सिनेमे मागवून बघितले, विहिरीवरचा खरंच चांगला आहे. एके काळी यावर तासभर बोलले असते. आता ते म्हणाले, "हो का? बघा, बघा." आणि बायकोला हाक मारून म्हणाले, बाईंना चहा टाक.