दुरडीतल्या मुनिया

काही बोलण्याआधी ती पान चिमटीत धरायची. डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायची आणि मग म्हणायची, "थकलं हे. काढून टाका, बाई."

मुलांनो, तुमच्या पत्रात खिडकीतल्या कुंडीबद्दल आणि बाहेर दाणे टिपणाऱ्या पाखरांबद्दल वाचलं, आणि ती आठवली. मी तेव्हा नागपुरात शाळेत इंग्रजी शिकवत असे. ती मागच्या गल्लीतली म्हातारी कोष्टीण. जन्मभर लुगड्यांचे काठ विणले होते. माग विकला गेला, मुलगा गिरणीत लागला आणि तिच्या हातांना काम उरलं नाही.

माझ्याकडे कोलियसची कुंडी होती. रंगीत पानांचं, थंडीला भिणारं झाड. हिवाळ्यात मी ते बैठकीच्या खिडकीत आणून ठेवी आणि तिथेच ते मरे. ती यायला लागली तेव्हापासून जगलं. तुरे दिसले की खुडायची. "शेंडा ठेवला तं झाड भरत नाही."

एकदा मात्र तिने कुंडीत भाताची पेज ओतली. दुसऱ्या दिवशी खोलीभर मुंग्या.

"आजी, हे काय केलंत?"

"सुताले खळ देल्ली का बळ येते. झाडाले काहून नाही येनार?"

आठवडाभर मी मुंग्या झाडत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

परसातल्या पेरूला तिनेच जुनी दुरडी टांगली. त्यात तांदळाची कणी टाकली की चिमणीहून लहान मुनिया येत. ती पायरीवर उन्हात बसून मोजायची. "सात. आता आठ. एक लय भांडकुदळ हाय, माह्या सुनेसारखी."

एका हिवाळ्यात माझ्या अंगात त्राणच नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यात तपासायच्या पेपरांचे गठ्ठे. दोन दिवस दुरडीत दाणे टाकायचे राहून गेले. ती नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली.

"आज नऊ हायत, बाई."

मी पाहिलं. दुरडी रिकामी होती. आसपास एकही पाखरू नव्हतं.

मी कणी आणून दुरडीत टाकली. त्या आवाजाने तिला कळलं. ती पदराचं टोक चोळत राहिली. "धुकं वाटते," ती म्हणाली. "पोराले सांगू नका. नजर गेली म्हटलं का मले पोरीकडे उमरेडले धाडतीन. माहं घर हितं हाय."

पुढच्या रविवारी मुलगाच आला. ती त्याच्या मागे उभी होती.

"बाई, मायची नजर बरी हाय का? धंतोलीतल्या डॉक्टरले दाखवाव म्हनतो. पन थे म्हनते, मी बाईकडे पाखरं मोजतो."

ती माझ्याकडेच तोंड करून उभी होती. मी तिला दिसत होते की नाही, कोण जाणे. मी दमलेली होते. वाद नको होता, कुणाची आसवं नको होती.

"मोजतात की," मी म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. मायलेकरं घरी गेली.

दोन वर्षांनी ती न्हाणीत पडली तेव्हा त्याने तिला धंतोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, आधी आणायला हवं होतं. मी त्याला खरं सांगितलं. तो पायात चपला सरकवून निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ती मात्र म्हणाली, "म्याच म्हटलं होतं तुमाले. तुमी कायले मनाले लावून घेता?" मी ते मनाला लावून घेतलं, अजूनही घेते.

शेवटी तिला उमरेडला धाडायचंच ठरलं. बसमध्ये मुलाने तिला मधल्या वाटेकडच्या जागेवर बसवलं, तर ती म्हणाली, "खिडकीची दे, बापू." बस हलायच्या बेतात होती. मी हात वर केला, मग लक्षात आलं आणि खाली घेतला. पुढे होऊन खिडकीखालच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

आतूनही दोन थापा आल्या.