दम्याच्या गोळ्या आणि भावाचे दंड

दमा मला सातवीपासून. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की काजळी आणि चिपाडाचा भुसा हवेत उडतो. मग नुसत्या पंपावर भागत नाही, गोळ्याही लागतात.

त्या हंगामात दहा दिवसांच्या गोळ्या सहाव्या दिवशीच संपायला लागल्या. मला वाटलं, मीच विसरून दोनदा घेत असेन. एका दुपारी भाकरी थापताना दम लागला. पंप ओढला, उतार पडेना. डबी उघडली तर रिकामी.

धाकटा भाऊ घरीच होता, पोलीसभरतीची तयारी करत. त्याने मला स्कूटरवर बसवून शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. हँडलवर त्याचे हात थरथरत होते. घाबरलाय, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी मला वाफेचा मास्क लावला आणि भावाचे थरथरते हात बघून त्याचं मनगट धरलं.

“नाडी एवढी जोरात का रे? काय घेतोस?”

त्याने मान खाली घातली. “ताईन्या गोळ्या. जिमवाला सांगे, त्यामा जोर शे. दंड भरतस.”

“अरे, ती गोळी शरीरातल्या ॲड्रेनलिन नावाच्या हार्मोनसारखं काम करते, म्हणून श्वासनळ्या सैल होतात. खूप घेतली तर स्नायूंवरही थोडाफार परिणाम होत असेल. पण त्याआधी तुझं हृदय बोंबलेल!”

मास्कमुळे मला बोलता येत नव्हतं, नाहीतर तिथेच त्याला झापला असता. पंचवीस वर्षं दम्याची औषधं खाते आहे मी. पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागते. माझे दंड कुठे भरले?

दुसऱ्या दिवशी जिमवाल्याला जाब विचारायला जिममध्ये गेले. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही स्वतः घेता ना? मग वाईट कशी?”

औषध आजाऱ्यासाठी असतं, एवढं साधं वाक्य बोलायचं होतं. पण रागाने खोकल्याची उबळ आली आणि आरशासमोरची पोरं माझ्याकडे बघत राहिली. तशीच परत आले.

भावाने गोळ्या सोडल्या. चार दिवसांत हातांची थरथर थांबली. पुढे भरतीत गोळाफेकीत थोडक्यात हुकला. गोळ्या सोडल्यामुळेच हुकला, असं त्याला आजही वाटतं. तोंडाने म्हणत नाही, पण मला कळतं.

आता गोळ्या कपाटात कुलपात ठेवते. दम लागला की आधी किल्ली शोधावी लागते.